चारशे त्रिकोणांची मूठ

आप्पांच्या काठीची मूठ आपोआप मोडली. निदान घरात जी अधिकृत माहिती देण्यात आली, ती एवढीच होती. सकाळी आप्पा नेहमीसारखे फिरायला गेले आणि दहा मिनिटांत परत आले. काठीचा दांडा हातात, मुठीचे दोन तुकडे खिशात.

"काय झालं?" सूनबाईनं विचारलं.

"मोडली."

"अहो, पण कशी?"

"वस्तू मोडतात," आप्पा म्हणाले आणि वर्तमानपत्राच्या मागे गेले.

दुपारी बनियन बदलताना त्यांच्या कोपराला ताजं खरचटलेलं सूनबाईला दिसलं. चोवीस वर्षं त्या घरात काढल्यावर तिला एवढं कळलं होतं, की आप्पांना प्रश्न विचारला की उत्तर मिळतं, माहिती मिळत नाही.

त्या दिवसापासून आप्पा खाली उतरले नाहीत. मूठ नाही म्हणून काठी नाही, काठी नाही म्हणून फिरणं नाही. मुद्दा बिनतोड होता. चिरंजीवांनी, म्हणजे आप्पांच्या मुलानं आणि सूनबाईच्या नवऱ्यानं (माणूस एकच), बाजारातून एकामागून एक तीन काठ्या आणल्या. पहिली आप्पांना छत्रीतून पळून आल्यासारखी वाटली. दुसरी हातात घेतली की दवाखान्यात भरती झाल्यासारखं वाटतं, असं ते म्हणाले. तिसरी बटण दाबलं की मिटायची. ती त्यांनी दोनदा मिटवली, दोनदा उघडली आणि म्हणाले, "जी काठी स्वतःच गुडघ्यात वाकते, ती मला काय सांभाळणार?"

डॉक्टर घरी येऊन तपासून गेले. जाताना दारात चपला घालता घालता सूनबाईला म्हणाले, "पाय ठणठणीत आहेत. पण चालणं थांबलं तर पाय विसरतात बघा. आणि या वयात विसरलेले पाय पुन्हा शाळेत घालता येत नाहीत."

तेव्हा दोन आठवडे झाले होते. सूनबाईनं ठरवलं, मूठ आपणच करायची.

हे जरा आगाऊपणाचं वाटेल, पण त्याला आधार होता. तीन वर्षांपूर्वी नवं कपाट झोपायच्या खोलीच्या दारातून आत जाईल का, हे बघायला ती कॉम्प्युटरवर मॉडेल करायला शिकली होती. कुठल्या वर्गाला गेली नाही. फुकटचे व्हिडिओ बघून शिकली. आधी कपाट केलं, मग दार, मग खोली, मग हुरूप वाढला म्हणून सगळं घर. कपाट आत जात नाही हे शेवटी अगदी नेमकं सिद्ध झालं, पण तोवर कपाट येऊन हॉलमध्ये उभं राहिलं होतं. ते अजून तिथेच आहे. विद्या मात्र हाताला लागली. शिवाय सार्वजनिक वाचनालयाच्या दुसऱ्या मजल्यावर एक कार्यशाळा निघाली होती. तिथे फाइल नेऊन दिली की यंत्र त्या आकाराची वस्तू प्लॅस्टिकची करून देतं, हे तिला ठाऊक होतं.

एका रविवारी नाश्ता झाल्यावर तिनं जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला आणि सुरुवात केली. ती व्हिडिओत शिकली होती तशी, म्हणजे एका चौकोनी खोक्यापासून.

आप्पा मागे येऊन उभे राहिले. "हे काय?"

"तुमची मूठ."

"हे खोकं आहे."

"आत्ता आहे. याला पॉलिगॉन पद्धत म्हणतात. खोक्याच्या बाजू कापायच्या, ओढायच्या, परत कापायच्या. सपाट तुकडे लहान लहान होत जातात, मग लांबून गोल दिसतं."

"लांबून!" आप्पा म्हणाले. "मी मूठ लांबून धरत नाही."

इथे आप्पांबद्दल सांगायला हवं. आप्पांनी छत्तीस वर्षं बसच्या बॉडी बांधणाऱ्या कारखान्यात, ड्रॉइंग विभागात काढली. कॉम्प्युटर यायच्या आधीची गोष्ट. बसचं कपाळ, चाकावरची कमान, मागच्या काचेचा बाक, सगळं हातानं कागदावर उतरायचं. त्यासाठी माणसाच्या उंचीची एक लवचीक लाकडी पट्टी असे. ती हवी तशी वाकवून जागोजाग शिशाची वजनं ठेवून धरायची आणि तिच्या कडेनं पेन्सिल फिरवायची. वजनांचा आकार बसलेल्या पाखरासारखा, म्हणून कारखान्यात त्यांना बदकं म्हणत. आप्पा निवृत्त झाले तेव्हा त्यांना शाल मिळाली, घड्याळ मिळालं आणि ती पट्टी व बारा बदकं त्यांनी मागून घेतली. शाल कुठे आहे ते कुणाला माहीत नाही. बदकं आप्पांच्या खाटेखाली आहेत. रोज सकाळी आप्पा बस टर्मिनसपर्यंत चालत जात, तिथल्या बाकावर तासभर बसत आणि नव्या बसगाड्यांना नावं ठेवून परत येत. "बस कसली? चाकं लावलेलं कपाट!" हॉलमधल्या कपाटाची जखम ताजी असल्यामुळे सूनबाईला हे वाक्य उगाच लागायचं.

तर अशा माणसाच्या मुठीची सुरुवात खोक्यापासून झाली होती.

"दगड फोडतात तसं कोरून कर्व्ह होत नसते, सूनबाई," आप्पा म्हणाले. "कर्व्ह एका दमात जाते. तुझ्या त्या यंत्रात अशी सोय नसेलच."

सोय होती. सूनबाईनं चार दिवस व्हिडिओ बघून ती शिकूनही घेतली. या पद्धतीत तुकडे नसतातच. रेष असते, आणि रेषेच्या आसपास मोजके बिंदू असतात. गंमत अशी, की हे बिंदू स्वतः रेषेवर नसतात. ते लांब उभे राहतात आणि तिथून रेषेला आपल्याकडे ओढतात. रेष बिचारी त्यांच्याजवळ पोचत कधीच नाही, पण वाकते मात्र त्यांच्याच मर्जीनं. व्हिडिओतल्या माणसाला हे समजावून सांगायला वीस मिनिटं लागली. सूनबाईला पहिल्या मिनिटात कळलं. एकत्र कुटुंबात राहिलेल्या बाईला हे वेगळं शिकवावं लागत नाही.

आप्पांना बिंदू दाखवल्यावर त्यांचा चेहरा उजळला. "ही तर बदकं!" ते म्हणाले आणि वाकून खाटेखालची पेटी ओढायला लागले.

त्या दिवसापासून जेवणाचं टेबल गेलं. त्यावर कागद अंथरला गेला, पट्टी वाकली आणि बारा बदकं ठाण मांडून बसली. आप्पा कागदावर कर्व्ह काढत, सूनबाईनं ती जशीच्या तशी कॉम्प्युटरमध्ये घ्यायची, आप्पांनी चष्मा कपाळावर सरकवून ती बघायची आणि म्हणायचं, "अंगठ्याखाली जरा पोट आलंय." पोट काढलं की करंगळीकडे खांदा दिसायचा. खांदा उतरवला की एकूण रोख बिघडायचा. घरातले सगळे कपाटाला टेकून, ताटं हातात घेऊन जेवायला लागले.

"आप्पा, जेवणापुरती तरी बदकं उचलूया का?" चिरंजीवांनी एकदा घाबरत विचारलं.

"उचल की. मग मला परत जेवायला बोलवू नकोस."

"अहो, तुम्ही तरी सांगा काहीतरी," सूनबाई आत येऊन नवऱ्याला म्हणाली.

"मला दोघांचंही पटतं," चिरंजीव म्हणाले. ते विमा कंपनीत होते. दोघांचंही पटून घेऊन काहीच न करणं हा तिथला मुख्य उद्योग.

ही बातमी बिल्डिंगभर व्हायला वेळ लागला नाही, कारण तळमजल्यावर ताजा कलम राहत होते. त्यांचं खरं नाव दारावर लिहिलेलं आहे, पण ते कुणी वाचत नाही. बोलून झालं, निरोप घेतला, चार पावलं गेले, की ते वळून "आणि हो" म्हणत परत येणार, हे ठरलेलं. कधी कधी ताज्या कलमालाही ताजा कलम असे. ते तीन मजले चढून मूठ बघायला आले, बदकांकडे आदरानं बघितलं, निघाले आणि जिन्यातून परत आले.

"आणि हो, वहिनी, ते दोन तुकडे चिकटवून वरून चिंधी का गुंडाळत नाही? आमच्या सासऱ्यांनी अकरा वर्षं तशीच वापरली."

सगळ्या प्रकरणातला हा एकमेव शहाणा सल्ला होता. तो कुणीही विचारात घेतला नाही, कारण त्यात ना कॉम्प्युटर होता, ना कर्व्ह.

दुसरा सल्ला पहिल्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंचा. त्यांचा दवाखाना घरातच होता, आणि हल्ली दाढेचं टोपण करायलाही कॉम्प्युटर लागतो, हे त्यांनी सूनबाईला जिन्यात उभ्या उभ्या समजावलं. तोंडात एक दांडी फिरवायची, ती लाखो टिपणं घेते आणि त्यांच्या त्रिकोणांची जाळी विणते. दाढ जशी आहे तशी पडद्यावर.

"तुम्ही रेष कुठून आणता हो?" त्या म्हणाल्या. "माझ्याकडे कुणी रेष घेऊन येत नाही, किडलेली दाढ घेऊन येतं. आहे ते मोजा आणि मोकळ्या व्हा. आप्पांच्या हाताचं माप घ्या ना."

हे आप्पांच्या कानावर गेल्यावर ते एवढंच म्हणाले, "आहे ते काढतात त्याला फोटो म्हणतात. असायला हवं ते काढतात, ते ड्रॉइंग."

तरीही, 'केवळ तुलनेसाठी' या अटीवर, आप्पांनी माप द्यायला होकार दिला. खाली उतरणं शक्य नसल्यामुळे डॉक्टरीणबाई सगळं सामान घेऊन वर आल्या. दातांचं माप घ्यायचा गुलाबी लगदा त्यांनी काठीच्या दांड्याच्या टोकाला थापला आणि आप्पांनी तो मुठीत धरून चार मिनिटं, फोटोला बसल्यासारखं, समोर बघितलं. मग त्या लगद्यावरून तोंडात घालायची दांडी फिरली. कॉम्प्युटरनं विचारलं, वरचा जबडा की खालचा? डॉक्टरीणबाईंनी खालचा म्हणून सांगितलं. दात क्रमांक? त्यांनी घातला काहीतरी. थोडा विचार करून कॉम्प्युटरनं आप्पांच्या तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मधे लाल ठिपका दाखवला आणि तिथे कीड असण्याची शक्यता वर्तवली.

पण सूनबाईनं ठिपका सोडून बाकीचं चित्र जवळ जाऊन बघितलं. पहिल्या दोन बोटांच्या खळ्या खोल, स्वच्छ उमटल्या होत्या. शेवटच्या दोन बोटांच्या जेमतेम दिसत होत्या. ती बोटं मिटतच नव्हती. आप्पांची कर्व्ह मात्र नेमकी तिथेच सगळ्यात बारीक, सगळ्यात डौलदार होत गेली होती. तिला धरायला चार घट्ट बोटं लागणार होती. चाळीस वर्षांपूर्वी होती तशी.

आप्पांनीही ते बघितलं. बराच वेळ बघितलं.

"यंत्र चुकतंय," ते म्हणाले. "कीड म्हणतंय त्यावरूनच कळतंय."

आणि टेबलापाशी जाऊन त्यांनी पट्टी आणखी थोडी वाकवली.

पाचवा आठवडा संपला तेव्हा चौदावी कर्व्ह चालू होती. त्या दिवशी आप्पा संडासाकडे जाताना भिंतीला हात लावत गेले. आधी लावत नसत. येताना कपाटाला हात लावत आले. सूनबाई ओट्यापाशी उभी राहून बघत होती, आणि तिच्या डोक्यात तेव्हा पहिल्यांदा लख्ख प्रकाश पडला. कर्व्हचं एक असतं: ती कायम आणखी थोडी बरी होऊ शकते. खोक्याचं तसं नाही. ते कापून कापून कधीतरी कंटाळा येतो आणि मूठ झाली असं म्हणावं लागतं. कर्व्ह पुरी होत नाही. आणि कर्व्ह पुरी होत नाही तोवर कुणालाही जिना उतरावा लागत नाही.

तिनं ओटा पुसला, मग कोरडा ओटा परत पुसला आणि बाहेर येऊन म्हणाली, "आप्पा, चौदावी मी छापायला नेते."

"अजून झाली नाही."

"ट्रायल म्हणून."

ट्रायल या शब्दाला कारखान्यातल्या माणसाला नाही म्हणता येत नाही. "ट्रायल म्हणून ने," आप्पा म्हणाले. "पण तिथल्या वहीत आरेखक म्हणून माझं नाव नीट घाल. आणि कर्व्हला धक्का लागता कामा नये."

इथे सूनबाईला एक गोष्ट सांगावी लागली, जी ती तीन आठवडे टाळत होती. कर्व्हनं करा नाहीतर पॉलिगॉननं, यंत्राला शेवटी त्रिकोणांचीच फाइल लागते.

आप्पांनी बदक खाली ठेवलं. "म्हणजे माझ्या कर्व्हचे तिथे त्रिकोण करणार?"

"बारीक, आप्पा. इतके बारीक, की दिसणार नाहीत."

"मला दिसतील."

वाचनालयाच्या दुसऱ्या मजल्यावर एक खिडकी होती आणि खिडकीत एक बाई होत्या. चष्म्याला साखळी, समोर लाल कापडात बांधलेली वही. त्यांनी अर्ज पुढे केला. वस्तूचा प्रकार: शैक्षणिक, कलात्मक, सुटा भाग, वैद्यकीय.

"सुटा भाग," सूनबाई म्हणाली.

"मूळ वस्तू जमा करावी लागेल. अखंड."

"अखंड असती तर मी आले असते का?"

"ते मी कसं सांगणार? मग वैद्यकीय लिहा. डॉक्टरांचं पत्र आणा."

पत्र डॉक्टरीणबाईंनी लगेच दिलं. दुसऱ्या दिवशी खिडकीतल्या बाईंनी ते उलटसुलट करून बघितलं. "हे दातांच्या डॉक्टरांचं आहे."

"हो."

"मूठ हातात धरायची ना?"

त्यांनी नियमांचं पुस्तक काढलं आणि बोट फिरवत वाचलं. 'नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिक' एवढंच लिहिलेलं होतं. दात की हात, ते लिहिलेलं नव्हतं. जिथे नियम गप्प आहे तिथे आपण बोलू नये, असं म्हणून त्यांनी शिक्का मारला. त्यांच्याबद्दल सूनबाईला तेव्हा पहिल्यांदा आपुलकी वाटली. ती दोन मिनिटं टिकली, कारण मग फाइल परत आली. आप्पांना दिसू नयेत इतके बारीक त्रिकोण म्हणजे बावीस लाख भरले होते, आणि कार्यशाळेचं यंत्र एवढे घेत नव्हतं.

घरी येऊन सूनबाई त्रिकोण कमी करायला बसली. त्यासाठी पडद्यावर एक खुंटी असते. ती डावीकडे सरकवत न्यायची. चौदाव्या कर्व्हवर एकदम प्रयोग करायचं तिला धाडस होईना, म्हणून आधी तिनं डॉक्टरीणबाईंनी दिलेल्या हाताच्या मापावर खुंटी सरकवून बघितली. दोन लाख. वीस हजार. हात जरा जास्तच सरकला आणि चारशे. पडद्यावर कुणीतरी घाईत फोडलेला दगड आला. तिला हसू फुटलं. ती फाइल तिनं तशीच ठेवली, चिरंजीवांना दाखवायला. मग चौदावी कर्व्ह हलक्या हातानं कमी केली आणि तीही ठेवली.

आता तिच्याकडे एकोणीस फायली होत्या आणि प्रत्येकीचं नाव 'मूठ शेवटची' असं सुरू होत होतं. पुढे 'खरी', 'अगदी खरी', 'आप्पा पुन्हा', 'ट्रायल', 'हात गंमत' वगैरे होतं. पण खिडकीतल्या बाईंच्या जुन्या कॉम्प्युटरवर नावाचे पहिले दोन शब्दच दिसत, आणि खिडकी बंद व्हायला चार मिनिटं होती.

"बाई, पटकन. कुठली?"

"ही," सूनबाई म्हणाली आणि बोट ठेवलं.

आठवड्यानं सकाळी फोन आला. सूनबाईचे हात भांड्याच्या साबणात होते म्हणून चिरंजीवांनी फोन घेतला, आणि ते कानाला लावायच्या ऐवजी नेहमी स्पीकरवर लावतात.

"ती कोनाकोनांची मूठ तयार आहे," खिडकीतल्या बाईंचा आवाज घरभर घुमला.

टेबलावरचं एक बदक आडवं झालं.

"कोनाकोनांची?" आप्पा म्हणाले.

"वैद्यकीय वस्तू आहे," आवाज पुढे म्हणाला, "तेव्हा लाभार्थ्यानं स्वतः येऊन सही करायची. दुसऱ्या कुणाला देता येत नाही. आणि चांगली झालीये हो. इथे सगळ्यांनी बघितली. आरेखक म्हणून नाव लावलंय चिठ्ठीवर."

सूनबाईला एका क्षणात सगळं कळलं: कुठली फाइल, कुठलं बोट. तिनं ओल्या हातांनीच कबुली दिली. ती ओरडा खायच्या तयारीनं उभी होती, पण आप्पा तिच्याकडे बघतच नव्हते.

"सगळ्यांनी बघितली," ते स्वतःशी म्हणाले. "छत्तीस वर्षं. एका गाडीला कोन राहू दिला नाही. आणि सरकारी वहीत, माझ्या नावावर..." ते उठले. "माझा शर्ट कुठाय?"

"आप्पा, मी जाऊन दुरुस्त करून येतो," चिरंजीव म्हणाले.

"लाभार्थी तू आहेस का?"

मग प्रश्न आला तो असा, की मूठ आणायला जायचं तर काठी लागणार, आणि काठीला मूठ नव्हती. आप्पांनी एका हातात नुसता दांडा घेतला, दुसरा हात कठड्यावर ठेवला आणि सूनबाई एक पायरी पुढे राहिली. चोपन्न पायऱ्या. पहिल्या वीस ते रागाच्या भरात उतरले. दुसऱ्या मजल्याच्या खालच्या वळणावर त्यांचा पाय थांबला. राग अजून होता, पण पाय पुढे जाईना. सूनबाईनं मागे बघितलं नाही. ती आपल्या पायरीवर उभी राहिली आणि पर्समध्ये काहीतरी शोधायला लागली, जे पर्समध्ये नव्हतं.

खालून ताजा कलम वर येत होते. ते आप्पांकडे बघून थबकले, मग छताकडे बघितलं.

"इथला कठडा मी घट्ट करून घेतलाय," छताला उद्देशून ते म्हणाले. "मूठ मोडली त्याच्या दुसऱ्याच दिवशी. चार खिळे ठोकलेत. हत्ती टेकला तरी हलायचा नाही."

बस्स. एवढं बोलून ते आप्पांच्या बाजूनं वर निघून गेले आणि परत आले नाहीत. सूनबाई वाट बघत राहिली, पण 'आणि हो' आलंच नाही. ज्या माणसाला स्वतःचा निरोपही धड संपवता येत नाही, त्यानं सात आठवडे हे एक वाक्य पोटात ठेवलं होतं.

आप्पांनी कठडा हलवून बघितला. हलला नाही.

"तुला माहीत होतं?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"कठड्याचं."

"कठड्याचं नव्हतं माहीत," सूनबाई म्हणाली.

आप्पांनी पुढच्या पायरीवर पाय ठेवला.

वाचनालयात लिफ्ट होती, हे देवाचे उपकार. खिडकीतल्या बाईंनी मूठ पुढे सरकवली. करडा रंग, जागोजाग सपाट पैलू, कडा स्पष्ट. आप्पांनी ती दोन बोटांत, मेलेलं झुरळ धरावं तशी धरली.

"हे मी काढलेलं नाही," ते म्हणाले.

"चिठ्ठीवर तुमचं नाव आहे."

"चिठ्ठी चुकीची आहे."

"बसते का ते आधी बघा. बसत नसेल तर 'अयोग्य' लिहायचं, बसत असेल तर 'योग्य'. तिसरा रकाना नाही."

आप्पांनी मूठ दांड्यावर दाबली. घट्ट बसली. त्यांनी ती धरली, केवळ रकान्यासाठी, आणि बोलायला सुरुवात केली. कर्व्ह म्हणजे काय, बसच्या कपाळावरून पाणी कसं ओघळतं, उजेड कसा न अडखळता सरकतो, आणि कोन ही आळशी माणसाची खूण कशी आहे, हे सगळं त्यांनी खिडकीत वाकून सांगितलं. प्रत्येक मुद्द्याला काठी फरशीवर आपटत होते. मागे रांग लागली. सूनबाई मुद्दे ऐकतच नव्हती, ती हाताकडे बघत होती. पहिली दोन बोटं खळ्यांत बसली होती. शेवटची दोन मिटली नव्हती, पण दोन सपाट पैलूंवर आडवी टेकली होती, आणि एवढ्या आपटाआपटीत मूठ एकदाही निसटली नाही. गुळगुळीत असती तर तिसऱ्या मुद्द्यालाच रांगेतल्या कुणाला तरी लागली असती.

खिडकीतल्या बाईंनी शांतपणे सगळं ऐकलं. "तक्रार नोंदवून घेते. 'अयोग्य' लिहा, सही करा आणि वस्तू जमा करा. दुरुस्त वस्तू चार आठवड्यांनी मिळेल."

आप्पांनी पेन उचललं. मग हातातल्या मुठीकडे बघितलं.

"चार आठवडे?" ते म्हणाले. "आणि मी घरी कसा जाऊ?"

बाईंनी चष्म्यावरून बघितलं. सूनबाई भिंतीवरचा तक्ता वाचायला लागली. आप्पा मूठ न सोडता, डाव्या हातानं कागद सरळ करून म्हणाले, "नाव बदलायला वस्तू जमा करावी लागते का?"

पुस्तक निघालं, बोट फिरलं. "नावासाठी नाही लागत."

"मग नाव बदला. असल्या कोनांची जबाबदारी मी घेणार नाही. ज्याचं काम त्याचं नाव." काठी त्यांनी काखेत धरली आणि आरेखकाच्या रकान्यातलं स्वतःचं नाव एका रेषेत खोडलं. वर सूनबाईचं पूर्ण नाव लिहिलं. ड्रॉइंगच्या खालच्या चौकटीत लिहीत तसं, सुटं सुटं, एका उंचीचं. चोवीस वर्षांत त्यांनी तिचं पूर्ण नाव कुठे लिहिलेलं तिनं पाहिलं नव्हतं. खाली 'योग्य'समोर बारीकशी खूण केली आणि कंसात लिहिलं, 'तात्पुरती'.

"तात्पुरती असा रकाना नाही," बाई म्हणाल्या.

"म्हणूनच कंसात आहे," आप्पा म्हणाले.

बाहेर आल्यावर सूनबाई रिक्षाला हात करणार, तोवर आप्पा टर्मिनसच्या दिशेनं वळलेसुद्धा. ते पुढे, ती मागे, रिकाम्या हातांनी. बाकावर बसल्या बसल्या त्यांनी समोरच्या दोन बसगाड्यांची बिनपाण्यानं केली. सात आठवड्यांचं साचलेलं होतं.

मूठ अजून तात्पुरतीच आहे. या गोष्टीला वर्ष झालं. सहा महिन्यांनी दातांच्या दवाखान्यातून आप्पांना फोन आला होता, खालचा जबडा परत दाखवून जा म्हणून. कॉम्प्युटरनं आठवण काढली होती. आप्पा खाली उतरून दाखवून आले. टेबलावर सव्विसावी कर्व्ह चालू आहे. सूनबाई ती इमानेइतबारे कॉम्प्युटरमध्ये घेते, आणि आप्पा चष्मा कपाळावर सरकवून म्हणतात, "अंगठ्याखाली जरा पोट आलंय." मग घड्याळ बघतात, आपली चारशे त्रिकोणांची मूठ उचलतात आणि म्हणतात, "बघू आल्यावर."